तिथीची पाऊणपट

मुळशीच्या तलावाच्या काठी, माले येथील माझ्या घराच्या ओटीवर एक पंचांग खिळ्याला टांगलेले असते, आणि सकाळच्या चहापूर्वी त्यातील तिथी पाहून तिला मनातल्या मनात तिनाने गुणून चाराने भागण्याची माझी खोड, सेवानिवृत्तीला बावीस वर्षे उलटून गेली तरी, अद्याप गेलेली नाही. कोकणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वितीयेला दीडच्या सुमारास, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. परंतु मी जन्माने मावळा, भाताच्या खाचरांतला आणि डोंगरांतला. समुद्राशी माझे नाते पोटासाठी जडले, आणि ते 1969 च्या जूनपासून 2003 च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, सुट्यांचे दिवस वगळता रोज दोन वेळा नव्याने जोडावे लागले. त्या चौतीस वर्षांच्या जाण्यायेण्याकडे आज येथे बसून पाहताना ज्या गोष्टी त्या काळी केवळ वाटेवरच्या म्हणून डोळ्यांपुढून सरकून गेल्या, त्याच आता मनात ठाण मांडून बसतात.

मुंबईत मी आलो तो आमच्याकडची मुले येत तसाच, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत वळकटी टाकण्यापुरत्या जागेवर. मावळ-मुळशीची माणसे तेव्हाही डबे पोहोचवीत, गोदीत आणि बाजारांत ओझी उचलीत. मी चार बुके शिकलेला असल्यामुळे मला फोर्टातील एका सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली. पुढे लग्न झाले, खोलीत संसार मांडता येईना, आणि सासुरवाडीच्या ओळखीने उरणला अल्प भाड्यात दोन खोल्यांचे कौलारू घर मिळाले. तेव्हापासून माझा दिनक्रम ठरला तो असा की, पहाटे उठून उरणहून मोरा बंदरापर्यंत पायी जावयाचे, मोऱ्याहून लाँचने सुमारे तासाभरात भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे, तेथून गोदीच्या भिंतींच्या कडेने चालत डॉकयार्ड रोडचे स्थानक गाठावयाचे, हार्बरच्या लोकलने सँडहर्स्ट रोड आणि मशीद ही दोन स्थानके मागे टाकून व्हिक्टोरिया टर्मिनसवर यावयाचे, आणि तेथून रस्ता ओलांडून कचेरीच्या मस्टरवर सही ठोकावयाची. संध्याकाळी हाच क्रम उलट.

या सर्व प्रवासात रेल्वेला घड्याळ होते, पायांना सवय होती. लाँच मात्र चंद्राच्या अमलाखाली चालत असे. मोऱ्याच्या बंदरात गाळ फार. पौर्णिमा-अमावास्येची उधाणे भरतीला जितके पाणी वर चढवितात तितकेच ओहोटीला खाली ओढून नेतात, आणि तिथीचा हिशेब असा काही दुष्ट आहे की उधाणानंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेस ओहोटीचा तळ नेमका सकाळी व सायंकाळी सातच्या आगेमागे, म्हणजे नोकरदाराच्या जाण्यायेण्याच्या वेळेसच पडतो. अशा दिवशी धक्क्याच्या पायऱ्यांखाली पाण्याऐवजी करड्या चिखलाचे पठार पसरलेले असे, त्यावर निवट्या उड्या मारीत असत, आणि शंभरदीडशे माणसे जेवणाचे डबे मांडीवर घेऊन, पाणी कधी भरते याची वाट पाहत निमूट बसलेली असत. मस्टरवर लाल रेघ पडू नये म्हणून मी पंचांग शिकलो. कचेरीतील सहकाऱ्यांना माझ्या ठायी अकस्मात धर्मनिष्ठा उपजल्याचे वाटे. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण संकष्टीच्या निमित्ताने साहेब थोडे लवकर सोडीत असत.

लाँच लागली की प्रथम खलाशी उडी टाकून दोराचा फास खुंट्यात अडकवी, मग बाजूस बांधलेले जुने टायर धक्क्याच्या दगडावर करकरत, आणि फळी पडण्यापूर्वीच माणसे एका पायावर तोल सावरून आत उतरू लागत. कोळणींच्या पाट्या पुढच्या अंगाला, भाजीच्या करंड्या मधल्या फळ्यांवर, विद्यार्थी टपावर, आणि आम्ही कारकून मंडळी इंजिनाच्या उबेपाशी. मधल्या पाण्यात उजव्या हाताला घारापुरीचा डोंगर, पुढे तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत नांगरून पडलेली परदेशी जहाजे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंची ताडपत्री खाली सोडली की आत डिझेल, सुकी मासळी आणि ओले कपडे यांचा जो संमिश्र दर्प कोंडे तो मला आजही एखाद्या बंद खोलीचे दार उघडताना अवचित भेटतो. वारा फार झाला की धोक्याचा बावटा लागे आणि लाँच बंद होई. त्या दिवशी रजेचा अर्ज कोणालाही लिहावा लागत नसे.

ज्या धक्क्यावर आम्ही उतरत असू त्याचे नाव लक्ष्मण हरिश्चंद्र तथा भाऊ अजिंक्य यांच्यावरून पडलेले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, प्रवाशांचे हाल पाहून त्यांनी धक्का बांधविला. मूळची जागा पुढे गोदीच्या विस्तारात गेली आणि नाव तेवढे नव्या धक्क्याबरोबर माझगावला आले. याच नावाच्या धक्क्यावरून 17 जुलै 1947 रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली आणि वाटेत बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमच्या लाँचवरची वृद्ध माणसे या अपघाताविषयी फारसे बोलत नसत. परंतु खाडीच्या तोंडाशी लाँच जोराने कलली की बोलणे आपोआप थांबे, एखादा हात नारळाच्या पिशवीकडे जाई, आणि लाँच सरळ झाल्यावर संभाषण जेथे तुटले होते तेथूनच पुढे चालू होई.

डॉकयार्ड रोडचा जिना चढून जी गाडी मी पकडीत असे ती तीन स्थानकांची. बसावयास जागा मिळावी अशी अपेक्षाही तिच्यात कोणी करीत नसे. पण या लहानशा अंतराला फार मोठा इतिहास आहे हे मला नोकरीची पहिली काही वर्षे माहीत नव्हते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली ती याच हार्बरच्या मार्गाने, व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत. आणि त्या वेळी तारांत सोडलेला 1500 व्होल्टचा एकदिश प्रवाह या मार्गावर 2016 च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे एक्क्याण्णव वर्षे टिकला. माझी सारी नोकरी त्या प्रवाहात गेली. मुंबईला वीज पुरविणाऱ्यांत प्रमुख टाटांची कंपनी, आणि टाटांच्या विजेचा एक उगम म्हणजे आमच्या मुळशीचा तलाव. कोणत्या दिवशी कोणत्या तारेतून कोणत्या तलावाची वीज आली हे कोणालाही सांगता येणार नाही. वीज सर्व एकत्र मिसळते. तथापि एका संध्याकाळी, गाडीच्या दारात लोंबकळत असताना, आपल्याला घरी ओढून नेणाऱ्या या वेगात आजोबांच्या खाचरांतील पाण्याचाही काही अंश असेल, ही गोष्ट मला प्रथम सुचली, आणि त्यानंतर ती गाडी मला पूर्वीसारखी परकी राहिली नाही.

ती खाचरे आंबेमोहोराची होती. मुळा आणि नीला यांच्या खोऱ्यात धरण बांधून ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरवावयाचे आणि वीज काढावयाची, अशी टाटा कंपनीची योजना. तिच्यासाठी पन्नासाच्या आसपास गावांवर पाणी यावयाचे होते. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडून सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ हे त्यांचे ब्रीद. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. पुष्कळ जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या, त्यामुळे मोबदल्याच्या प्रश्नावर मालक आणि कसणारा यांची वाट निराळी झाली आणि लढा आतून पोखरला गेला. 1924 च्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामगारांची आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. 1927 पासून भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. पूर्वेकडे भीमेला मिळावयाचे पाणी तेव्हापासून पश्चिमेकडे कुंडलिकेत उतरते आणि रोह्यावरून समुद्रास जाते. आजोबा खोऱ्यातून उठले ते नातेवाइकांच्या आधाराने माल्यात वर चढून राहिले. मी लहान असताना, मुंबईला वीज देणाऱ्या त्या पाण्याच्या काठी, आमच्या घरात रॉकेलचा कंदील लागत असे. दादरला रुळांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला पुढे सेनापती बापटांचे नाव मिळाले. आगगाडी अडविणाऱ्या पुरुषाचे नाव आगगाडीच्या शेजारच्या रस्त्याला द्यावे, हा योगायोग कोणाच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे!

हे सर्व ज्याला ठाऊक होते अशा माझ्यासारख्याने पुढे जे पाहिले ते उघड्या डोळ्यांनी पाहावयास हवे होते, परंतु तसे पाहिले असे मी म्हणू शकत नाही. कचेरीत माझी जागा बारनिशीत होती. आलेला कागद नोंदवहीत उतरवावयाचा, त्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारावयाचा, आणि तो योग्य त्या टेबलाकडे पाठवावयाचा. नव्या मुंबईसाठी आणि नव्या बंदरासाठी पनवेल-उरणच्या गावांच्या जमिनी संपादनात आल्या तेव्हा माझ्या शिक्क्याखालून शेतकऱ्यांच्या तक्रारींचे कागद जाऊ लागले. कायदा तोच होता, 1894 चा भूसंपादनाचा, ज्याने आजोबांची खाचरे घेतली होती. शेव्याकडचा एक आगरी शेतकरी, ज्याला लाँचवर सगळे दादा म्हणत, माझ्या शेजारी बसून रोज एकच प्रश्न विचारी: “काय बारनिशीवाले, माजा कागद आयला का?” कागद आलेला असे. मी तसे सांगे. पुढे काय झाले हे माझ्या टेबलाच्या अधिकारात नव्हते, आणि ते अधिकारात नसल्याचे मला, खरे सांगावयाचे तर, समाधानच वाटे. 1984 च्या जानेवारीत, 16 आणि 17 तारखांना, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. दादा त्यानंतर लाँचवर क्वचितच दिसे. आणि जेव्हा दिसे तेव्हा त्याने कागदाचे विचारणे सोडून दिलेले होते. बंदर 1989 मध्ये चालू झाले. शेवे कोळीवाडा उठला आणि त्याची वस्ती हनुमान कोळीवाडा या नावाने उरणात आली. मोऱ्याच्या वाटेने चालताना आता मला समुद्राच्या काठी नवे माले दिसू लागले.

निवृत्तीनंतर मी येथे परत आलो, मुलगा उरणलाच राहिला. त्याच्या पिढीला पंचांगाची गरज उरलेली नाही. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडीहून न्हावा-शेव्याला जोडणारा अटल सेतू, सुमारे 22 किलोमीटरांचा, आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्ही एकाच दिवशी खुली झाली. लाँच अजून चालते. गेल्या वर्षीच्या दिवाळीत नातवाने हट्टाने मला मुंबईची नवी भुयारी मेट्रो दाखविली. आरेपासून कफ परेडपर्यंतचा 33.5 किलोमीटरांचा हा मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये पुरा झाला होता. ज्या स्थानकाबाहेर मी चौतीस वर्षे रस्ता ओलांडला त्याच परिसरात सरकत्या जिन्यांनी आम्ही कितीतरी खाली उतरलो; गाडी थंड होती, तिचे दरवाजे बंद होते, आणि खिडकीच्या काचेत बाहेरच्या काळोखावर आम्हां दोघांचे चेहरे उमटले होते. नातू म्हणाला, “आजोबा, तुमच्या वेळी हे असतं तर?” मी त्याला म्हणालो, “मग मला ओहोटी कधी असते ते कळलं नसतं.” तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

माल्याला आता मी संध्याकाळी तलावाकाठी जाऊन बसतो. वैशाखात पाणी खाली गेले की काठच्या चिखलातून जुन्या बांधांच्या दगडांची रांग वर येते, आणि आमच्यापैकी जाणती माणसे हा अमक्याचा बांध, ही तमक्याची वाट, असे बोटाने दाखवितात. पाण्याची ती रेषा पाहिली की मी सवयीने तिथी आठवू लागतो, आणि मग ध्यानात येते की येथे तो हिशेब लागू नाही. या पाण्यालाही चढउतार आहे. चढ पावसाचा, उतार मात्र मुंबईचा. पाण्याची वीज हवी तेव्हा चटकन सोडता येते, म्हणून शहराची मागणी शिगेला पोहोचते त्या वेळी ती विशेष उपयोगी पडते. आणि त्या वेळा म्हणजे लोकल भरून धावण्याच्या वेळा. सकाळी आठच्या सुमारास आणि संध्याकाळी सातच्या सुमारास, मी ज्या घटकेला मोऱ्याच्या चिखलाकडे पाहत पाणी भरण्याची वाट पाहत बसे त्याच घटकेला, येथे या काठाचे पाणी बोगद्याकडे ओढले जात असले पाहिजे. चौतीस वर्षे मी ज्या ओहोटीचे गणित चंद्रावरून मांडीत राहिलो, तिच्यासारखीच एक ओहोटी माझ्या स्वतःच्या जाण्यायेण्याने आजोबांच्या बांधांवर येत होती, आणि ती नोंदविण्याची वही कोणत्याही बारनिशीत नव्हती.

आज द्वितीया आहे. मोऱ्याला साडेसातच्या सुमारास लाँच अडकली असेल.