प्लेगची गाठ आणि पांढऱ्या पेशी

कोल्हापुरातील शाहूपुरी ही व्यापारी पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला, आणि तो प्रथम दिसला मांडवी भागात, धान्याच्या वखारींजवळ. पेठ म्हटली की वखारी आल्या आणि वखारींमागून उंदीर. शतक संपण्याआधी ही साथ कोल्हापूर संस्थानातही पोहोचली. कडक ताप, काखेत किंवा जांघेत गाठ आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत मृत्यू, असा तिचा क्रम असे.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असे आपण वर्गात सांगतो. मग धडधाकट माणसाच्या अंगातले हे सैनिक प्लेगपुढे हरत कसे?

आधी ते एरवी जिंकतात कसे ते पाहू. पायात काटा रुतला की त्याबरोबर जीवाणू आत शिरतात. त्यांच्यापासून आणि दुखावलेल्या पेशींपासून सुटणाऱ्या रसायनांचा माग काढत पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात. अमीबासारखे छद्मपाद काढून त्या जीवाणूला वेढतात व पोटात घेतात. आत पाचक द्रव्ये त्याच्यावर ओतली जातात. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायपोक्लोरस आम्लही तयार होते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर पाण्यात जंतू मारणारे आम्ल तयार होते ते हेच! या झटापटीत पेशीही मरतात. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः त्यांचाच खच.

जीवाणूही गप्प बसत नाहीत. न्यूमोनियाचा जीवाणू अंगाभोवती शर्करेचे बुळबुळीत आवरण घेतो. क्षयाचा जीवाणू पेशीच्या पोटात जातो खरा, पण पाचक द्रव्यांची पिशवी आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. गळवे करणारा स्टॅफिलोकॉकस कॅटॅलेज या विकराने हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन करून टाकतो. (बटाट्याच्या ताज्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब टाकून पाहा. जो फेस येतो तो बटाट्यातल्या कॅटॅलेजमुळे. वर्गात अवश्य करावा असा प्रयोग.)

प्लेगच्या जीवाणूची तऱ्हा याहून वेगळी आहे. पिसवेच्या अंगात, म्हणजे सुमारे २५ अंश सेल्सियसला, तो जवळजवळ निःशस्त्र असतो. पिसू चावून तो माणसात आला की न्यूट्रोफिल नावाच्या पेशी त्यातले पुष्कळसे जीवाणू मारतात. पण काही जीवाणू महाभक्षक पेशींच्या पोटात जातात आणि तिथे जिवंत राहतात. आता तापमान ३७ अंश. या उबेने जीवाणूतली निराळी जनुके कामाला लागतात. त्याच्याभोवती प्रथिनाचे आवरण चढते आणि सुईसारखी एक यंत्रणा तयार होते. बाहेर पडल्यावर जी पांढरी पेशी जवळ येईल तिच्यात तो या सुईने प्रथिने टोचतो. त्यांनी पेशीचा आतला सांगाडा विस्कटतो, छद्मपाद निघत नाहीत, गिळणे थांबते. तोवर तो लसीका ग्रंथीत पोहोचलेला असतो. तिथे त्याची बेसुमार वाढ होते आणि ग्रंथी सुजते. हीच प्लेगची गाठ.

इथे एक गल्लत टाळायला हवी. पांढऱ्या पेशींना दाद न देणे वेगळे आणि औषधाला दाद न देणे वेगळे. पेशींना लुळे करणारा हाच जीवाणू स्ट्रेप्टोमायसिन किंवा टेट्रासायक्लिनने सहसा मरतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात व पाठोपाठ सुरतेत प्लेग उद्भवला, तेव्हा ही औषधे हाताशी होती. १८९६ मध्ये नव्हती.

तेव्हा होती ती लस. पांढऱ्या पेशींचे हे भक्षण ज्यांनी १८८२ साली तारामाशाच्या अळीत पाहिले त्या मेचनिकॉफांचे शिष्य हाफकिन, यांनी मुंबईत उष्णतेने मारलेल्या जीवाणूंची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. लसीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती जीवाणूला चिकटली की पांढऱ्या पेशीला धरायला जणू मूठ मिळते. पुढच्या संशोधकांना असे आढळले की लसीसाठी जीवाणू ३७ अंशांवर वाढवले तर ती अधिक गुणकारी ठरते. कारण उघड आहे: त्या उबेतच ते आवरण चढते, आणि शरीराला ओळख करून द्यायची ती त्या आवरणाचीच.