पहिली प्रत, पहिला मान?

२२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिशार्ट श्ट्राउसची अखेरची चार गीतं प्रथमच सादर झाली. ती मुद्रित व्हावीत म्हणून ४,८०० डॉलरची हमी दिली होती म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी. मुद्रण झालं लॅकरच्या तबकड्यांवर. म्हणजे धातूच्या चकतीवर मऊ लेप. प्रत्येक वेळी सुई फिरली की खाच थोडी झिजणार. एलपी निघेपर्यंत त्या इतक्या झिजल्या, की पदरी खरखरच जास्त पडली.

बाजारातली तबकडी कणखर विनाइलची, पण तीही लॅकरचीच नात-पणती. लॅकरवर धातूचा थर चढवून साचा काढतात, त्यावरून पुढचा, शेवटी ठसा. गरम विनाइल दाबून दाबून ठसाही बोथट होतो. म्हणून तर जॅझचे शौकीन पहिल्या प्रेसिंगसाठी खिसा रिकामा करतात! मात्र मायल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची (१९५९) पहिली बाजू मुळातच किंचित चढ्या स्वरात निघाली, कारण मुद्रणाचं टेपयंत्र संथ चाललं होतं. दुरुस्त आवृत्ती १९९०च्या दशकात आली. इथे जुनं ते सोनं नाही.

दोन प्रती ताडायच्या तर बाजूचं शेवटचं गाणं लावा. काठाशी खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी सरकते, आत जेमतेम २१. तार स्वर तिथेच फाटतात. आणि दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो.