एकाची संमती, अनेकांची माहिती

फोनमधील अ‍ॅप वापरणाऱ्या भारतीय नागरिकाच्या खासगीपणाला कायद्याचे संरक्षण देण्याचे प्रयत्न सुमारे दीड दशक चालू असून, त्या सर्वांचा आधार संमती, म्हणजे आपली माहिती कोणी कशासाठी घ्यावी याला व्यक्तीने जाणीवपूर्वक दिलेला होकार, हाच राहिला आहे. या काळाचा मागोवा घेताना मात्र असे दिसते की, ज्यांना कधी काही विचारलेच गेले नव्हते अशा लोकांचीही माहिती या होकारावर दुसऱ्यांच्या हाती गेली.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली 2011 मध्ये केलेल्या नियमांनी पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्याच्या नोंदी, बोटांचे ठसे इत्यादी माहिती ‘संवेदनशील’ ठरवून ती घेण्यासाठी लेखी संमती आवश्यक केली. फोनमधील संपर्क यादीची गणना तीत नव्हती. त्या काळी अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप घेताना ते मागेल त्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत, अन्यथा अ‍ॅपवर पाणी सोडावे लागे. 2015 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून महत्त्वाच्या परवानग्या गरजेच्या वेळी स्वतंत्रपणे मागितल्या जाऊ लागल्या आणि नाकारताही येऊ लागल्या.

24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढच्याच वर्षी केम्ब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अ‍ॅपने चाचणी देणाऱ्यांबरोबरच त्यांच्या फेसबुकवरील मित्रांचीही माहिती गोळा केली होती, कारण फेसबुकची तेव्हाची रचनाच तशी मुभा देत होती. फेसबुकने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार भारतात हे अ‍ॅप केवळ 335 जणांनी घेतले होते, आणि त्यांच्यामार्फत ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती त्यांची संख्या 5 लाख 62 हजारांहून अधिक होती. संमती ही निव्वळ वैयक्तिक बाब मानण्यातील उणीव याहून स्पष्टपणे क्वचितच दिसली असेल.

टाळेबंदीच्या काळात झटपट कर्ज देणारी अ‍ॅप फोफावली, तेव्हा हीच उणीव क्रूर रूपात पुढे आली. कर्ज हवे असणाऱ्याने संपर्क यादीची परवानगी दिली की वसुली करणारे त्याच्या नातलगांना, सहकाऱ्यांना आणि ओळखीच्यांना फोन करून त्याची बदनामी करीत. या छळाने काही कर्जदारांनी जीव दिला. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अ‍ॅपना संपर्क यादी, कॉलच्या नोंदी आणि छायाचित्रे व अन्य फाइल पाहण्यास मनाई केली. कर्जदार स्वतः होकार देत असला तरी ही मनाई लागू होती, म्हणूनच हा निर्णय त्या काळातील सर्वांत शहाणा म्हणावा लागेल.

सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 मध्ये सादर केलेल्या मसुद्यानंतर एक विधेयक आले, मागे घेतले गेले, आणि अखेर ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या अ‍ॅपला संपर्क यादीची गरज नसल्यामुळे, रुग्णाने तीसाठी होकार दिला तरी त्याची संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल, असे उदाहरण त्यात आहे. हे उदाहरण मोलाचे आहे. परंतु माहिती सांभाळण्यातील निष्काळजीपणामुळे नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई मागू देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 43-अ हे कलम वगळण्याची तरतूदही याच कायद्याने केली असून, 250 कोटी रुपयांपर्यंतचा दंड वसूल झाला तरी तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होईल. ज्याचा क्रमांक दुसऱ्याच्या फोनमधून गेला, त्याच्या हाती त्यातले काही पडणार नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, संपर्क यादी मागणाऱ्या अ‍ॅपला होकार देण्यापूर्वी त्या यादीतील माणसांचा विचार प्रत्येकाने अवश्य करावा.