धुऱ्यावरचं झाड कोणाचं?

नाकाडोंगरीला बचतगटाची बैठक ठेवायची तर सकाळची वेळ बरी, असं आपण शहरातून ठरवतो. पण मार्च-एप्रिलमध्ये ही वेळ कधीच जमत नाही. नऊ वाजून जातात तरी निम्म्या बाया आलेल्या नसतात. कारण विचारायची गरजच पडत नाही, कारण ज्या येतात त्यांच्या पदराला मोहफुलांचा वास असतो! पहाटे चारला टोपली घेऊन निघायचं, उजाडेपर्यंत फुलं वेचायची, घरी आणून अंगणात वाळत घालायची आणि मग गटाचा हप्ता हातात धरून बैठकीला यायचं. हप्ता त्याच फुलांचा असतो, बरं का!

यंदाच्या बैठकीत हिशेब बाजूलाच राहिला. गावातल्या एका शेतकऱ्यानं धुऱ्यावरचे चार मोठे मोह तोडायचं ठरवलं होतं. धान कापायला हार्वेस्टर येतो, त्याला वळायला जागा लागते. मग दोन-तीन बांध्या मिळवून एक करायची, मधला धुरा मोडायचा आणि धुऱ्यावरचं झाडही काढायचं. त्या शेतकऱ्याची बायको आमच्याच गटात आहे. ती कोपऱ्यात गप्प बसली होती. कोणीतरी विचारलं, "काकी, तुमी काय म्हनलं?" त्यावर ती एवढंच म्हणाली, "मले कोन इचारलं जी?"

मैत्रिणींनो, हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहायला घेतला.

इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. धुरा नुसता चालायला नसतो. त्यावर तूर लावतात, पळस असतो, बाभूळ असते, एखादा मोह किंवा आंबा आजेसासऱ्याच्या काळापासून उभा असतो. बाभळीच्या शेंगा शेळीला, काटक्या चुलीला, पळसाची पानं पत्रावळीला. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सगळं जपलं, पण त्याला काही नाव असतं हे त्यांना माहीत नव्हतं. आता त्याला कृषी-वनीकरण म्हणतात, वनशेतीही म्हणतात. त्याच्या अभ्यासासाठी १९७८ मध्ये आफ्रिकेत नैरोबीला आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. आपल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयातही या विषयाचं संशोधन केंद्र आहे. २०१४ मध्ये भारत सरकारनं राष्ट्रीय कृषी-वनीकरण धोरण जाहीर केलं. असं वेगळं धोरण करणारा आपला देश जगात पहिला!

शेतात झाड लावा, असं सांगत फिरणारी माणसं महाराष्ट्रात आधीपासूनच होती. मणिभाई देसाईंच्या 'बाएफ'नं सुबाभूळ गावोगाव नेली, पुढे आदिवासी भागात आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. नाशिकचे विनायकदादा पाटील यांनी ऐंशीच्या दशकात निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था काढली. झाड हेही पीक आहे, हे त्यांनी लोकांना पटवलं आणि ते काही लहान काम नव्हे. पण सगळ्यांची निलगिरी एकदम तोडणीला आली तेव्हा भाव पडला, हेही खरं. शिवाय निलगिरीचा पाला गुरं तोंडात धरत नाहीत. लाकूड विकून येणारा पैसा पुरुषाच्या खिशात जातो. चारा, सरपण, फुलं, बिया हा बाईचा वाटा, तो असल्या झाडात फारसा निघतच नाही. आता पाशा पटेल बांबूचा आग्रह धरत फिरतात. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड मानला जात नाही, त्यामुळे तो तोडणं-विकणं सोपं झालंय. बांबू चांगलाच. पण तो कोणत्या धुऱ्यावर लावायचा हे घरात कोण ठरवणार, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

आणि आकड्यांचं तर विचारूच नका! राज्यानं २०१६ साली २ कोटी झाडांचा संकल्प केला, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. फोटो निघाले, खड्डे मोजले गेले. त्याच काळात शेतातली जुनी झाडं मात्र गुपचूप जात होती. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून भारतातल्या शेतांमधली मोठी झाडं एकेक करून मोजली. २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं, की २०१०-११ साली दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे ११ टक्के झाडं २०१८ पर्यंत नाहीशी झाली होती, आणि २०१८ ते २०२२ या काळात आणखी ५० लाखांवर गेली. झाडामुळे पीक घटतं ही समजूत, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक.

ही समजूत अगदीच खोटी नाही, हेही सांगायला हवं. मोहाच्या दाट सावलीत धान कमी येतो, त्याच्या लोंब्या कमी भरतात. ज्याची दोनच एकर जमीन आहे त्याला ते सलतं. शिवाय कापणीला मजूर मिळत नाहीत, हार्वेस्टर पाऊण तासात काम उरकतो. त्या शेतकऱ्याला मी खलनायक ठरवणार नाही.

पण दुसरी बाजू बघा. धुऱ्यावरचा मोह गेला तर काकीला फुलं सोडता येत नाहीत. मग ती कुठे जाईल? जंगलात! अंधारात, खाली वाकून, मान खाली घालून. वाघ-बिबट्याच्या भागात असं वाकलेलं माणूस किती धोक्यात असतं, हे आमच्याकडच्या पोरांनाही कळतं. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. घरच्या धुऱ्यावर चार मोह असणं म्हणजे पहाटेच्या वेळी जंगलात न जाणं. बांधीतल्या धानाचा हिशेब करताना हे कोणत्या रकान्यात धरायचं?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली होती. नवऱ्यानं आपल्या जमिनीतला काही भाग बायकोच्या नावानं करून द्यायचा. कितीतरी गावांनी तो केला. आमच्या गटातल्या बायांचे सातबारे मी बघते तेव्हा त्या मोहिमेची आठवण येते, कारण बहुतेकींचं नाव त्यावर नाहीच. नाव नाही म्हणून विचारणं नाही.

केनियाच्या वांगारी मथाई यांनी याच्या उलट सुरुवात केली. १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ उभी राहिली, ती खेड्यातल्या बायांनी सरपण मिळत नाही, पाणी मिळत नाही असं सांगितलं म्हणून. बायांनीच रोपवाटिका केल्या, आपल्या शेतात झाडं लावली. जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळत, लावलेल्या नव्हे! २००४ मध्ये मथाईंना शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडेही रोजगार हमीतून 'बिहार पॅटर्न' राबवला गेला, त्यातही झाडं जगवण्याची मजुरी होती आणि पुष्कळ ठिकाणी ती निराधार, विधवा बायांनी कमावली.

नाकाडोंगरीत मग काय झालं? त्या दिवशी बैठक दुपारपर्यंत चालली. मोह तोडायला परवानगी लागते, तो १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतला आहे, हे मी सांगितलं. पण कायद्याच्या धाकानं घरात भांडण लागतं, झाड वाचतंच असं नाही. शेवटी तिघी-चौघी काकीबरोबर तिच्या घरी गेल्या. शेताच्या बाहेरच्या हद्दीवरचे दोन मोह हार्वेस्टरच्या वाटेत येतच नाहीत, हे त्यांनी जागेवर नेऊन दाखवलं. ते दोन राहिले. मधल्या दोघांचं अजून ठरलेलं नाही. त्यांच्या खालच्या फांद्या छाटून एक हंगाम बघायचं, इथवर बोलणं आलंय. काकी म्हणे त्या वेळी पहिल्यांदा नवऱ्यासमोर फुलांचा हिशेब बोलली.

गटानं दोन गोष्टी अंगावर घेतल्या. ई-पीक पाहणीच्या मोबाईल ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवता येतात, ती प्रत्येकीनं आपल्या शेतापुरती नोंदवायची. झाड कागदावर आलं की तोडण्याआधी चार लोक विचारतात. आणि मोडलेल्या धुऱ्यांवर गिरिपुष्पाच्या फांद्या खोचायच्या. हे झाड वाढतं भराभर, छाटता येतं, सावली फारशी करत नाही. त्याचा पाला चिखलणीच्या वेळी बांधीत गाडला की धानाला खत होतं. कोकणातल्या डॉ. सावंतांच्या चारसूत्री भातशेतीतलं हे एक सूत्रच आहे. याला उंदीरमारीही म्हणतात, म्हणून दोघी-तिघींनी आधीच फांद्यांची मागणी नोंदवली!

मोहाची रोपं करायची ठरलीत ती टोळी पडायला लागल्यावर. मोहाची बी फार दिवस टिकत नाही, ताजी असतानाच मातीत घालावी लागते. त्या रोपांना फुलं यायला दहा-बारा वर्षं लागतील, हे बायांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रोपांसाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या लागणार आहेत, दोनशे तरी. तुमसरच्या मैत्रिणींनी धुऊन, वाळवून ठेवाव्यात. पुढच्या बैठकीला जाताना मी घेऊन जाईन.