हेल्मेट आरशाला, डोकं देवाला

एमएच-३२ ही वर्धा जिल्ह्याच्या गाड्यांची पाटी. या पाटीच्या दुचाकीवर हेल्मेट नसतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. हेल्मेट असतं, पण आरशाला लटकलेलं. नाहीतर कोपरात अडकवलेलं. नाहीतर मागे बसलेल्या वहिनींच्या मांडीवर, पिशवी आणि लेकराच्या मधोमध. नागपूरला निघालेला गडी बुटीबोरीपर्यंत बोडक्या डोक्यानं जातो, तिथे चहा मारतो आणि मग हेल्मेट चढवतो. का, तर "पुढं पोलीस राह्यते न भाऊ!" परतताना त्याच टपरीवर ते उतरतं. गावाला वेस असते तशी वर्ध्यात हेल्मेटलाही आहे.

हेल्मेटसक्ती हवी की नको, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. त्या भांडणांच्या कडेकडेनं सापडलेली ही चटपटीत माहिती. सुरुवात घरातूनच करू.

स्कूटरचं आजोळ

ज्या वाहनासाठी हे हेल्मेट लागतं, त्याच्या एका मोठ्या कारखानदारीची नाळ थेट वर्ध्यात पुरलेली आहे. वर्ध्याचे सावकार शेठ बच्छराज यांनी राजस्थानातल्या सीकरकडचा एक मुलगा नातू म्हणून दत्तक घेतला. तेच जमनालाल बजाज. गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा म्हणत आणि त्यांच्याच आग्रहानं वर्ध्यात आले. १९४२ मध्ये जमनालालजी गेले. पुढे २९ नोव्हेंबर १९४५ रोजी जी 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' नोंदवली गेली, तीच आजची बजाज ऑटो! १९५९ मध्ये दुचाकी बनवायचा परवाना मिळाला, १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन 'चेतक' आली आणि लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहू लागले. मुलाच्या लग्नाआधी स्कूटरचा नंबर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवायचे ते दिवस. हेल्मेटसाठी मात्र कोणी रांग लावल्याचं ऐकिवात नाही.

गांधी टोपी चालते का?

गांधी जिल्हा आहे, तेव्हा हा प्रश्न रास्तच. उत्तर: नाही चालत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये सूट आहे ती पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला. फेटा, टोपी, मुंडासं, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा यांपैकी कशालाच नाही.

त्याच कलमात आणखी एक मजा आहे. हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवून भागत नाही, पट्ट्यानं घट्ट बांधलेलं हवं, असं कायद्यातच लिहिलं आहे. पट्टा मोकळा सोडून फिरणारा कायद्याच्या लेखी बोडकाच. आणि ते वाजवीही आहे, कारण आपटण्याच्या क्षणी बिनपट्ट्याचं हेल्मेट आपल्या वाटेनं जातं आणि डोकं आपल्या.

तिसरी गोष्ट खास शेतकऱ्यांसाठी. कायदा 'सार्वजनिक जागी' लागू आहे. स्वतःच्या वावरात गाडी फिरवली तर कोणी विचारणार नाही. पण वावरापर्यंत नेणारा पांदण रस्ता सगळ्यांचा, म्हणजे तिथे लागू! "साहेब, वावरातच तं चाललो न जी!" हा विदर्भातला सर्वांत लोकप्रिय बचाव इथेच गळपटतो.

शंभराचे हजार

हेल्मेटविरोधाची राजधानी अर्थातच पुणे. २०१९ च्या १ जानेवारीपासून तिथल्या पोलिसांनी सक्ती कडक केली, तेव्हा विरोधकांनी हेल्मेटऐवजी पुणेरी पगड्या घालून मोर्चा काढला आणि आंदोलनाला चक्क 'सविनय कायदेभंग' म्हटलं. मीठ उचलायला दांडीपर्यंत चालत गेलेल्या आणि नंतर सेवाग्रामात राहिलेल्या म्हाताऱ्याला हे दाखवायला हवं होतं. माझा अंदाज, तो हसला असता आणि दंड भरून टाका म्हणाला असता. कायदेभंगात शिक्षा भोगणं आलंच की!

विदर्भाचा वाटा यात वेगळाच. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनं हेल्मेटचा दंड १०० रुपयांवरून थेट १,००० वर नेला आणि वर तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद जोडली. ती दुरुस्ती आणणारे मंत्री वर्ध्याच्या शेजारचे, नागपूरचे नितीन गडकरी. आणि 'फेरविचार करा' असं पत्र त्यांना लिहिणारे होते राज्याचे तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते. आता गंमत बघा. हेच रावते २०१६ मध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा करून बसले होते. पंपवाले आणि गाडीवाले दोघंही खवळल्यावर सूर मवाळ झाला. तीन वर्षांनी, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, तोच आवाज दंड कमी करा म्हणत होता. राजकारणात हेल्मेट कधी घालायचं आणि कधी काढायचं हे ज्याला कळलं तो तरला. नवे दंड महाराष्ट्रात लागू व्हायला शेवटी डिसेंबर २०२१ उजाडला.

'डोकं माझं, मर्जी माझी' हा युक्तिवाद तर १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आला आहे. हेल्मेटमुळे संचारस्वातंत्र्यावर गदा येते, असं आंध्रच्या नियमाला आव्हान देणाऱ्याचं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, गदा बिदा काही नाही, उलट यानं माणूस सुखरूप फिरतो.

लॉरेन्सचा खोलगट रस्ता

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा सिनेमा पुष्कळांनी पाहिलाय. पहिल्याच दृश्यात नायक मोटारसायकलवरून पडून मरतो. ते खरंच तसं घडलं होतं. टी. ई. लॉरेन्सला ब्रफ सुपीरियर मोटारसायकलींचं वेड, एकामागून एक सात वापरल्या. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातल्या डॉर्सेटमध्ये घराजवळ रस्ता एका ठिकाणी खाली उतरत होता. त्या खोलगट भागात सायकलवरची दोन पोरं होती, ती लांबून दिसलीच नाहीत. त्यांना चुकवायला त्यानं गाडी वळवली आणि हँडलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो ४६ व्या वर्षी गेला.

त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा तरुण मेंदूशल्यविशारद होता. त्याच्या मनातून हे जाईना. दुसरं महायुद्ध सुरू झालं, रात्री दिवे मालवलेले, निरोप घेऊन धावणारे लष्करी मोटारसायकलस्वार पटापट मरत होते. केर्न्सनं नोंदी गोळा केल्या. त्यात हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त सापडले फक्त सात, आणि सातही जिवंत! १९४१ मध्ये त्यानं हे छापलं आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश लष्करानं आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. नागरिकांना ते सक्तीचं व्हायला मात्र १९७३ उजाडलं. तोवर केर्न्सला जाऊन वीस वर्षं झाली होती. संपूर्ण जनतेला सक्ती करण्यात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यानं त्याआधीच, १९६१ मध्ये, बाजी मारली.

भोपळा हेल्मेट

पळवाटा शोधण्यात आपणच हुशार असा गैरसमज असेल तर नायजेरियाकडे बघा. १ जानेवारी २००९ पासून तिथे बाइक टॅक्सीच्या प्रवाशांनाही हेल्मेट सक्तीचं झालं. लोकांनी वाळलेल्या भोपळ्याची अर्धी कवटी आणि रंगाचे रिकामे डबे दोरीनं डोक्याला बांधले! काही प्रवासी खरं हेल्मेट घालायलाही तयार नव्हते, कारण त्यात कोणी जादूटोणा करून ठेवला असेल ही भीती. आपल्याकडे उसनं हेल्मेट नाकारायचं कारण फार तर कोंडा.

उलट टोक व्हिएतनामचं. १५ डिसेंबर २००७ ला सक्ती आली आणि जिथे निम्मेही लोक हेल्मेट घालत नव्हते, तिथे पाहता पाहता दहांतले नऊहून अधिक घालू लागले.

ऊन, हॉर्न आणि बाकीच्या सबबी

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकतो, त्यामुळे 'डोकं शिजते' ही तक्रार खोटी नाही. पण तीच माणसं त्याच उन्हात दुपट्ट्याचे तीन वेढे डोक्याला, कानाला, नाकाला देतात, फक्त डोळे उघडे. म्हणजे गुंडाळायला ना नाही! दुपट्ट्यावरून हेल्मेट बसतं, आणि उन्हाळ्यात हवेच्या झरोक्यांचं हेल्मेट घ्यावं हे दुकानदारही सांगतो.

'हॉर्न ऐकू येत नाही' ही सबब मात्र तपासून झालेली आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकात स्वारांना रस्त्यावर नेऊन चाचणी घेतली. हेल्मेट असताना आणि नसताना हॉर्न सारखाच ऐकू आला. गाडीवर वाऱ्याचा आणि इंजिनाचाच आवाज एवढा असतो की हेल्मेटला दोष द्यायला जागा उरत नाही. आपल्याकडचे ट्रकवाले ज्या पट्टीत हॉर्न मारतात, तो तर कवट्या दोन असल्या तरी ऐकू येईल.

रोही, डुक्कर आणि बिनदिव्याची ट्रॉली

आता जरा गाडी हळू. हेल्मेटवरचा सगळा वाद चौकात चालतो: बजाज चौक, आर्वी नाका, शिट्टी वाजवणारा पोलीस, ई-चलान. खरी आपटाआपटी जिथे होते तिथे पोलीस नसतोच. दिवस मावळल्यावर सेलूहून हिंगणीकडे किंवा आर्वीहून कारंजा-घाडग्याकडे दुचाकी काढा. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर. तुरीतून एकदम रोही निघतो. शहरी भाषेत नीलगाय, पण नावावर जाऊ नका, पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या घरात भरतो. तो दिव्याकडे बघत रस्त्याच्या मधोमध थांबतो तरी, नाहीतर नेमका गाडीवरूनच उडी मारतो. रानडुक्कर बुटकं, ते थेट पुढच्या चाकाखाली. हिंगणीला लागूनच बोर व्याघ्र प्रकल्प आहे. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, त्या मापानं देशातल्या अगदी लहान प्रकल्पांपैकी एक, २०१४ मध्ये जाहीर झालेला. जंगल लहान आणि भोवती पीक भरघोस असलं की जनावरं कुठे येणार ते वेगळं सांगायला नको.

याशिवाय कापसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी. जिनिंगचा हंगाम नेमका लवकर अंधार पडणाऱ्या दिवसांतला. आणि जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी असली, तरी सायंकाळी सगळ्याच गाड्या सरळ रेषेत चालतात असं कोणी शपथेवर सांगणार नाही.

वर्धा शहराच्या दोन बाजूंना दोन वैद्यकीय महाविद्यालयं: सेवाग्रामचं १९६९ चं, सावंगीचं १९९० चं. जखमीला दवाखाना जवळ आहे, हे जिल्ह्याचं नशीबच. पण बोरच्या रस्त्यावरून तिथे पोहोचेपर्यंत मेंदूतलं रक्त थांबून राहत नाही. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. म्हणून माझं मत सरळ आहे: सक्ती करायची तर चौकातल्यापेक्षा हिंगणीच्या फाट्यावर आधी करा. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. आपल्या वाट्याला रोहीवालाच रस्ता.

आत काय असतं?

वरची कडक टोपी म्हणजे हेल्मेट, असं पुष्कळांना वाटतं. काम करतो तो आतला थर्माकोलचा जाड थर. डोकं आपटतं तेव्हा तो स्वतः दबतो, चेपतो आणि थांबण्याची क्रिया काही मिलिसेकंदांनी लांबवतो. तेवढ्यात मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा दबला की तो पुन्हा फुगत नाही, म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद. जगभरचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये काढलेला हिशेब असा: हेल्मेटनं मरणाचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के घटतो.

रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्या दीडशे-दोनशेच्या टोप्यांत हा थर शोधून बघा. बऱ्याचदा स्पंज निघतो! १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणंच बेकायदा आहे. पण चिन्हाचं स्टिकर छापायला किती खर्च येतो, ते छापखानेवाल्याला विचारा.

आणि शोरूमचं एक गुपित. नवी दुचाकी विकताना कंपनीनं आयएसआय हेल्मेट द्यायचं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ सांगतो. गाडी घेताना किती जण ते मागतात? "त्याच्याऐवजी सीट कव्हर लावून द्या न" म्हणणारेच जास्त. जून २०२५ मध्ये केंद्रानं नियमाचा नवा मसुदा काढला, एकाऐवजी दोन हेल्मेट द्या म्हणून. एक चालवणाऱ्याला, एक मागच्याला. चार वर्षांखालच्या लेकराला घेऊन निघायचं तर फेब्रुवारी २०२३ पासून त्याच्या मापाचं हेल्मेट, त्याला मोठ्या माणसाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि ४० चा वेग, असा वेगळा नियम आहेच. पण केळझरच्या गणपतीला निघालेल्या जोडप्याच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीवर जो बारक्या बसतो, त्याचं हेल्मेट कंपनी देत नाही. ते बापानंच घ्यायचं.