महापालिकेचा कारभार : भाग 6 – हात एकदा वर, दर कायम वर

गेल्या आठवड्यात आपण स्थायी समितीत थांबलो होतो : सोळा सदस्य, त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त. आज तिथल्याच विषयपत्रिकेवरचे दोन विषय घेऊ, पाणीपट्टी आणि वाहनखरेदी. पहिल्याच्या वेळी सभागृहात रिकामे हंडे येतात, राजदंड पळवला जातो. दुसरा बहुतेक वेळा ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पाच मिनिटांत उरकतो. गोंधळ होतो म्हणून पहिला विषय मोठा, असं मात्र समजू नका.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पुढच्या वर्षाचे करांचे दर 20 फेब्रुवारीपूर्वी ठरवायचे असतात. म्हणजे दरवर्षी आयुक्तांनी वाढ सुचवायची, नगरसेवकांनी तिच्यावर भांडायचं आणि निवडणूक तोंडावर असली की ती फेटाळायची. हा वार्षिक मनस्ताप टाळायची एक युक्ती निघाली : वाढीचा ठराव एकदाच करायचा, पुढच्या सगळ्या वर्षांसाठी. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा लागू आहे. तिथे स्थायी समितीने 2012 मध्ये प्रशासनाला दरवर्षी 8 टक्क्यांपर्यंत पाणीदर वाढवायची मुभा दिली. पुण्यात 2016 मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसोबत सलग पाच वर्षं 15 टक्के वाढ मान्य झाली. गणित करून बघा. 15 टक्क्यांनी दर पाच वर्षांत दुप्पट होतो, 8 टक्क्यांनी नऊ वर्षांत.

या वाढीमागचं कारण खोटं नाही. मुंबईला येणारं भातसाचं पाणी पिसे-पांजरापूरला पंपाने उचलावं लागतं, त्याचं वीजबिल वाढत जातं. शिवाय भातसा आणि अप्पर वैतरणा ही धरणं राज्य सरकारची, त्यामुळे तिथल्या पाण्याचे पैसे मोजावे लागतात. आणि एवढं करून मुंबईत 2022 मध्ये 7.12 टक्के वाढ झाली तेव्हा घरगुती पाण्याचा दर किती झाला? हजार लिटरला 6 रुपये 36 पैसे. माणशी रोज 135 लिटर धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला 103 रुपये. त्यावर मलनिस्सारण आकार 70 टक्के, म्हणजे सगळे मिळून 175 च्या आसपास. टँकरवाल्याशी घासाघीस केलेल्या कुणालाही हा आकडा महाग वाटणार नाही.

माझा आक्षेप वाढीला नाही, ती आपोआप होण्याला आहे. गळती किती, मीटर किती बंद, बड्या थकबाकीदारांकडून वसुली किती, हे प्रश्न दरवाढीच्या निमित्ताने दरवर्षी विचारले जात. वाढ आपोआप व्हायला लागली की निमित्त संपतं. आणि ‘आपोआप’ हेही अर्धसत्यच, कारण 2023 मध्ये मुंबईची प्रस्तावित वाढ राज्य सरकारने थांबवली. तेव्हा पालिकेवर प्रशासक होता, सभागृह नव्हतंच. नगरसेवकांनी सोडलेला अधिकार मंत्रालयात जाऊन पोहोचला.

आता वाहनं. इथे दर ठरवणं सोपं झालंय : बरीच खरेदी ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते. जुनी गाडी ठेवायची का, हा प्रश्नही उरला नाही. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते, त्यात महापालिकांची वाहनंही आली. पैशाचीही फार ओरड नसते. रस्ते झाडणाऱ्या यांत्रिक गाड्या हवा सुधारण्यासाठी आलेल्या केंद्राच्या निधीतून घेता येतात. फुकटात गाडी मिळत असेल तर नको कोण म्हणेल?

गाडी अंदाजपत्रकात भांडवली खर्चात बसते. तिचा चालक, टायर, इंधन, दुरुस्ती हे महसुली खर्चात, म्हणजे ज्या रकान्यात तुमची पाणीपट्टी आणि मिळकतकर जमा होतो त्याच बाजूला. चालकाचं तर आणखी अवघड. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवा, तरच भरती, अशी राज्याची अट. बहुतेक पालिका त्या रेषेच्या आसपास किंवा पलीकडे. त्यामुळे अनुदानाची नवीकोरी गाडी येते, चालकाचं पद मात्र भरता येत नाही. मग ‘चालक पुरवणे’ अशी वेगळी निविदा निघते. ठेकेदाराचं बिल आस्थापनेत धरलं जात नाही, म्हणून कागदावर 35 टक्के शाबूत. नवऱ्या मुलाला घोडा भेट मिळावा आणि चारा मुलीकडच्यांनी घालायचा की मुलाकडच्यांनी यावर वऱ्हाड अडावं, तसा हा प्रकार.

म्हणून खरेदीच्या प्रस्तावात किंमत वाचून थांबू नका. देखभाल किती वर्षं कंपनीकडे, चालक कोणाचा, गाडी कुठल्या डेपोत उभी राहणार, तिथे चार्जिंगची सोय आहे का, हे त्याच कागदात आहे का पाहा. जानेवारी 2022 पासून पालिकांनी नवी वाहनं विजेवरचीच घ्यावीत, असं राज्याने ठरवलं होतं. डेपोतला वीजजोड हा मात्र वेगळा विषय, वेगळं खातं आणि अनेकदा वेगळं आर्थिक वर्ष असतं. विषयपत्रिका सभेच्या आधी निघते. ‘आयत्या वेळचे विषय’ तेवढे तिच्यात नसतात, आणि वाहनखरेदी त्या वाटेने आली तर नगरसेवकाला पहिला प्रश्न हाच विचारा की हिची घाई काल का नव्हती.