सीतेची वेणी

‘बांडगूळ’ ही मराठीतली मोठी शेलकी शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर पोसणाऱ्याला ती अशी काही चपखल बसते, की वर्गात तिचा अर्थ मला कधी सांगावा लागत नाही. पण आंब्याच्या फांदीला बिलगलेल्या ‘सीतेच्या वेणी’लाही कोणी बांडगूळ म्हटले, की मला गप्प बसवत नाही.

खरे बांडगूळ झाडात मुळे खुपसून त्याचा रस पिते. सीतेची वेणी आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुळातली. झाडाकडून ती घेते फक्त जागा. बिऱ्हाड एका घरात, पण चूल वेगळी! तिच्या मुळांवर पांढरे, स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे पाणी ते क्षणात टिपते. सालीवर साठलेला पाचोळा हे तिचे खत. अन्न तिची हिरवी पाने स्वतःच शिजवतात. जाड पानांत साठवलेल्या ओलाव्यावर ती आपला कडक उन्हाळाही निभावून नेते.

आणि मग सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी शंभरावर फुलांचा घोस खाली लोंबू लागतो. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके! लिनियसने १७५३ साली तिची शास्त्रीय नोंद केली. पण नाव ठेवावे ते आपल्या लोकांनीच. तिकडे आसामात हेच ‘कपौ फूल’ मुली बिहूच्या नाचात केसांत माळतात. ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. देशाच्या दोन टोकांना एकाच फुलावरून केशरचनाच आठवावी, याची मला मोठी गंमत वाटते.

मात्र या वैभवामागे फार चिकाटी आहे. तिचे बी धुळीइतके बारीक; बरोबर शिदोरी अशी काही नाही. रानात योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षे जातात. १९२२ साली अमेरिकेत नडसन यांनी ऑर्किडचे बी बुरशीवाचून, साखर घातलेल्या खाद्यावर रुजवून दाखवले. तेव्हापासून रोपवाटिकेत ऑर्किड वाढवणे सोपे झाले.

म्हणून हौस असेल तर रोपवाटिकेतले रोप आणावे. सहलीला गेल्यावर फांदीवरून वेणी ओरबाडून आणून कुंडीतल्या मातीत पुरू नये; हवेला सरावलेली मुळे तिथे कुजतात. आणि रस्ता रुंद करताना एखादे जुने झाड तोडले जाते, तेव्हा एवढे ध्यानात असावे, की त्याच्याबरोबर अशी कितीतरी बिऱ्हाडे रस्त्यावर येतात.